धवल्याचा सातबारा

मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या फाइली सांभाळल्या. एका कंपनीच्या थंडगार सर्व्हर रूममध्ये बसून कोणी काय वाचावं, कोणी काय बदलावं आणि कोणी कशाकडे ढुंकूनही पाहू नये, हे मी ठरवायचे. घरात माझं कोणी ऐकत नसे, त्यामुळे ही नोकरी मला फार मानवली. पुढे नोकरी सोडून नवीन पनवेलमध्ये घरी बसले, तर खांदा कॉलनीतल्या एका संस्थेने महिन्याभरात मला ‘मानद तांत्रिक सल्लागार’ करून टाकलं. या पदाचा अर्थ तीन दिवसांत कळला. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढायचा, अध्यक्षांच्या मोबाइलमधले सुप्रभातचे फोटो पुसायचे आणि चहा वर आला नाही तर खाली जाऊन सांगून यायचं.

संस्था म्हणजे वर तीन खोल्या आणि खाली एक सभागृह. काम चांगलं होतं, हे मी कितीही वैतागले तरी कबूल करते. आसपासच्या गावांमधली गाणी, गोष्टी, जुने फोटो गोळा करायचे आणि कॉम्प्युटरवर जपून ठेवायचे. कारण गावं आता टॉवरांच्या मधोमध उरलेल्या जागेत राहतात, आणि गाणी म्हणणाऱ्या बायका एकेक करून कमी होत चालल्या आहेत. अध्यक्ष एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले होते. आपण निवृत्त झालो आहोत हे मात्र त्यांना अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नव्हतं. साधी खिडकी उघडायची असली तरी ते आधी तोंडी प्रस्ताव मांडत.

मावशी आमच्याकडे अगदी सुरुवातीच्या काळात आल्या. विचुंब्याच्या, आगरी, साठी ओलांडलेल्या, आणि धवलारीण. धवला म्हणजे आगरी लग्नातलं विधीचं गाणं. मंडप घातला की धवला, हळद लागली की धवला, नवरी निघाली की धवला. भटजी नंतर येतात, त्यांचं घड्याळ बघून निघून जातात. धवलारीण मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून असते, आणि गाण्यात नवरीचं नाव गुंफून गुंफून तिला त्या घरातून हळूहळू सोडवून घेते. मावशींनी अशा किती मुली सोडवल्या ते त्यांनाच आठवत नव्हतं. आवाज म्हणाल तर खणखणीत. माइक दोन हात लांब ठेवला तरी सुई लाल रेषेला जाऊन टेकायची.

आठ-दहा बैठकांमध्ये त्यांनी सगळा खजिना आमच्या स्वाधीन केला. एके दिवशी मात्र त्या न बोलावता आल्या. दार लावून घ्यायला लावलं आणि म्हणाल्या, “बाय, येक गानं घे. पन यो कोनाला नाय ऐकवायचा.”

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. पाऊण तास त्या गात होत्या. हळदीपासून पाठवणीपर्यंतचा अख्खा धवला, एकटीने, समोर ना मंडप ना नवरी. आणि त्यात जे नाव येत होतं ते त्यांच्या स्वतःच्या मुलीचं होतं.

मुलीने बारा दिवसांपूर्वी स्वतःच्या पसंतीने रजिस्टर लग्न केलं होतं. भावांनी दार बंद केलं. मावशींनी ते उघडलं नाही. दुनियेच्या मुलींना गाऊन गाऊन सासरी पाठवलेली ही बाई स्वतःच्या मुलीच्या लग्नात नुसती हजरसुद्धा नव्हती. गाऊन झाल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि अट सांगितली. “तिला सोरून कोनी ऐकायचा नाय. आनि तिलाबी मी सांगन तवाच.”

“म्हणजे कधी?”

“ती आपल्या पायानं येल तवा.”

मी त्या फाइलीला वेगळा फोल्डर केला. तो फक्त मला उघडता येईल असं कुलूप घातलं आणि मावशींना छातीठोकपणे सांगितलं, “आता अध्यक्षांनी ठराव मंजूर केला तरी हे कोणाला ऐकू येणार नाही.”

सात वर्षं गेली. मुलगी करंजाड्याला राहायला आली, म्हणजे विचुंब्याहून रिक्षाने कितीसं लांब! या सात वर्षांत तिला माहेरी एकदाच बोलावण्यात आलं, जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायला. भावांनी पाणी विचारलं, पेन दिलं, आणि सही झाल्यावर पेन परत घेतलं. आई आतल्या खोलीत बसून राहिली. दोघी एकमेकींच्या ‘तिनं यावं’ची वाट पाहत होत्या. कॉम्प्युटरने सुद्धा इतकी हुबेहूब नक्कल कधी काढली नसेल.

मधल्या काळात संस्थेने नवीन मशीन घेतलं. जुन्या मशीनवरून सगळं नव्यावर आणण्याचं काम मी पंधरा दिवस डोळ्यात तेल घालून केलं. फाइली, त्यांच्या मूळ तारखा, त्यांची कुलपं, सगळं जसंच्या तसं. कोणीही कौतुक केलं नाही. त्या पंधरा दिवसांत चहाचे कप धुतले गेले नाहीत, याची मात्र बैठकीत नोंद झाली.

वर मी एक चूक केली. संस्थेच्या सभासदांपुढे व्याख्यान दिलं. विषय होता, फाइल आणि फाइलीबद्दलची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी असतात. याला आमच्या धंद्यात मेटाडेटा म्हणतात, हे सांगताच पहिल्या रांगेतल्या चौघांनी डोळे मिटले. मग मी म्हटलं, “फाइल म्हणजे जमीन. आणि मेटाडेटा म्हणजे तिचा सातबारा.” सभागृह खडबडून जागं झालं. पनवेलमध्ये एखादं झोपलेलं सभागृह जागं करायचं असेल तर सातबाऱ्यासारखं औषध नाही. मालक कोण, कोणाला आत यायची मुभा, कधीपासून आहे, हे सगळं सातबाऱ्यावर. जमिनीकडे नुसतं बघून त्यातलं काही कळत नाही.

मी आणखी रंगात आले. म्हटलं, “आता नव्या मशीनवर क्लोन नावाचा प्रकार आहे. पूर्वी फाइलीची प्रत काढायची तर सगळा मजकूर पुन्हा लिहावा लागे, वेळ जाई. क्लोनमध्ये मजकूर जागचा हलत नाही. त्याच जमिनीवर दुसरा उतारा तयार होतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत. पण सांभाळा! उतारा नवीन आहे. जुन्या उताऱ्यावरची नावं आणि अटी घेऊन ये, असं बजावून सांगितलं नाही तर नव्या उताऱ्यावर प्रत काढणाऱ्याचं नाव लागतं, आणि ज्या आवारात तो ठेवाल त्या आवाराचे नियम लागू होतात.” टाळ्या पडल्या. मावशी पहिल्या रांगेत होत्या. मान डोलावून म्हणाल्या, “ह्ये तं आमचे घरात सगल्यांना ठावं हाय.”

हे सगळं मी माइकवर सांगितलं होतं. पुढे जे झालं ते वाचताना एवढं लक्षात ठेवा.

दसऱ्याला संस्थेत यंत्रपूजन असतं. सर्व्हरला हळदकुंकू, प्रिंटरला झेंडूची माळ, आणि अध्यक्षांच्या खुर्चीलाही एक माळ, कारण तीही त्यांच्या मते एक यंत्रच. गेल्या दसऱ्याला त्यांनी जाहीर केलं की संग्रहाचं लोकार्पण करायचं. ‘सर्वांसाठी’ नावाचा एक फोल्डर, संस्थेच्या वायफायवर येईल त्याला खुला. कल्पना वाईट नव्हती. कुठली गाणी त्यात जातील याची यादी मी आठवडाभर खपून केली होती. ज्यांनी अटी घातल्या होत्या त्यांची गाणी वगळली होती.

मुहूर्त अकराच्या सुमाराचा होता. पाहुणे पावणेअकराला आले. यादी पाहून म्हणाले, “एवढीच?”

अध्यक्षांचा चेहरा उतरला. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मॅडम, सगळंच टाका ना. पाहुण्यांना भरलेलं दिसलं पाहिजे.”

“सर, सगळं टाकता येणार नाही. काही गाणी बंद आहेत.”

“बंद आहेत तर बंदच राहतील की! तुम्हीच कुलपं घातलीत ना? कुलूप लावलेलं कपाट हॉलमध्ये ठेवलं तर काय बिघडतं?”

आयुष्यात पहिल्यांदाच अध्यक्षांचं बोलणं मला तर्काला धरून वाटलं. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण दारात नारळ घेऊन माणूस उभा, सर्व्हरच्या हवेच्या झरोक्यावर झेंडूची माळ लटकलेली, पंखा आतून घरघरतोय, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. साधी प्रत काढली असती तर तासभर गेला असता. मी अख्ख्या संग्रहाचा क्लोन काढला. आज्ञा लिहिताना ‘मालक, मुभा, तारखा जशाच्या तशा आण’ हा जो एक पर्याय द्यायचा असतो, तो दिला नाही. विसरले म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे घाईत हात त्यावरून पुढे गेला, आणि मन म्हणालं, कुलूप आहेच की.

एंटर दाबलं. झालं. पाहुणे म्हणाले, “अरे वा! एका क्षणात?” अध्यक्ष म्हणाले, “मॅडम आमच्या एक्सपर्ट आहेत.” आणि मी, जिने वीस वर्षं नवशिक्यांना ‘काम झाल्यावर दुसऱ्याच्या नावाने आत शिरून बघा, दार खरंच बंद आहे का’ असं घोकून घोकून शिकवलं, ती मी हातात आपट्याची पानं घेऊन लाजत उभी राहिले. नंतर पेढे आले. पेढे चांगले होते, एवढंच त्या दिवसाबद्दल माझ्या बाजूने म्हणता येईल.

माइक-स्पीकर लावायला आलेला साउंडवाला डीजेही होता. हळदीची कामं घेणारा, सज्जन माणूस. त्याने अध्यक्षांना रीतसर विचारलं, “सर, यातली गाणी हळदीला घेतली तर चालतील?” अध्यक्ष म्हणाले, “अहो, लोकार्पण आहे! लोकांचंच आहे ते.” त्याने पेनड्राइव्ह लावला आणि ‘सर्वांसाठी’ लिहिलेलं सगळं नेलं. त्याची यात काडीची चूक नाही.

तुळशीची लग्नं लागली, लग्नसराई सुरू झाली, आणि एका सकाळी मावशी माझ्या घराच्या दारात उभ्या. चप्पल काढली नाही. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

“करंजाड्याला हलद होती काल,” त्या म्हणाल्या. “मी धवल्याला गेलेली. माजा झाला, मंग डीजे लागला. पयल्यांदा मना कललाच नाय. मंग माजाच आवाज. खाली बेंजो, धडाम धडाम. आनि तिचा नाव, बाय. येकदा नाय, तीन-तीनदा. आनि पब्लिक नाचतंय.” त्या थांबल्या. “माजे रडन्यावर नाचली सगली.”

मी काहीतरी बोलायला गेले, पण त्यांचं संपलं नव्हतं.

“त्या मंडपाचे समोरच पिवली बिल्डिंग हाय. तिथं चौथे माल्याला रावते ती. तिनं ऐकलाच आसल. आता तिला काय वाटल? का सात वर्सं तोंड नाय बगितला, आनि आयशीनं माजा नाव डीजेला दिला नाचवाया!”

तेवढंच त्यांना लागलं होतं. गाणं बाहेर गेलं, लोकांनी ऐकलं, हेही त्या कदाचित पचवू शकल्या असत्या. पण जे गाणं मुलीला जवळ बसवून, स्वतःच्या तोंडाने ‘घे’ म्हणून द्यायचं होतं, ते तिला चौथ्या मजल्याच्या खिडकीतून, दणदणाटात, थट्टा म्हणून मिळालं होतं.

“तुम्ही तिला फोन करा, मावशी. झालं ते सांगा. चूक माझी आहे म्हणून सांगा.”

“मी करू?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच माझ्या पायांकडे बघू लागले. “तू तं बोललेली, अध्यक्ष आला तरी नाय उघरनार.” आणि त्या जिना उतरून गेल्या.

मी तशीच संस्थेत गेले आणि मशीन उघडलं. आशा अशी होती की डीजेने चोरी केली असेल. माणूस स्वतःच्या चुकीपुढे उभा राहिला की कुठल्या कुठल्या आशा करतो! मूळ फाइल जागेवर होती, कुलपात, सात वर्षांपूर्वीच्या तारखेसह. आणि ‘सर्वांसाठी’ फोल्डरमध्ये तिचा क्लोन होता. तारीख दसऱ्याची. वाचण्याची मुभा सर्वांना. मालकाच्या जागी माझं नाव. जमीन तीच, उतारा नवा, आणि नवं नाव अगदी ठळक. जी गोष्ट या गावांमध्ये लोकांनी माझ्याकडून शिकायची काहीच गरज नव्हती, ती मी त्यांना माइकवरून शिकवली होती आणि मग स्वतः करून दाखवली होती. मला इतकी लाज वाटली की मी उठून खिडकी उघडली, प्रस्ताव न मांडता.

क्लोन पुसला. डीजेला फोन केला. तो बिचारा हादरला, त्याने लगेच त्याच्याकडचं पुसलं आणि म्हणाला, “मॅडम, पण हळदीवाल्यांनी ग्रुपवर टाकलंय. ते आता माझ्या हातात नाही.” माझ्याही नव्हतं. अध्यक्षांना सांगितलं तर ते आनंदाने खुर्चीतून अर्धे उठले. “व्हायरल झालं? मग संस्थेचं नाव खाली टाकायला सांगा ना!” मी झाला प्रकार पुन्हा सांगितला, सावकाश. तेव्हा त्यांनी गंभीर होऊन चौकशी समिती नेमली. समितीचे अध्यक्ष तेच. समितीने पहिल्याच बैठकीत असं ठरवलं की दोष क्लोन या तंत्रज्ञानाचा आहे आणि पुढच्या दसऱ्याला साध्या प्रती काढाव्यात.

दोष क्लोनचा नव्हता. त्याने सांगितलं तेवढं चोख केलं होतं. जे सांगायचं राहिलं ते माझं होतं.

चार-पाच दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज. खणखणीत. नाव सांगायची गरजच नव्हती, माइक दोन हात लांब ठेवावा लागला असता.

“डीजेवाल्याने तुमचा नंबर दिला. माझ्या आईचं ते गाणं तुमच्याकडे आहे ना?”

“आहे.”

“मला ओरिजिनल पाहिजे. त्या बेंजोशिवायचं. त्यात पाठवणीचं एक कडवं अर्धंच तोडलंय त्यांनी. माझं नाव येतं तिथेच.”

मी पटकन ‘पाठवते’ म्हणणार होते. तेवढ्याने माझं अर्धं पाप फिटलं असतं, निदान मला तसं वाटलं असतं. फाइल माझ्यासमोर होती. दोन बटणांचं काम. पण एकदा दोन बटणांचं काम करून झालेलं होतं.

“मला देता येणार नाही,” मी म्हटलं.

“का? अख्ख्या करंजाड्याने ऐकलं की!”

“ती माझी चूक. ते तुमच्या आईने दिलेलं नाही, माझ्या हातून सुटलंय. त्यांची अट होती. हे फक्त तुमच्यासाठी आहे, आणि त्या सांगतील तेव्हाच द्यायचं. मला त्यांनी अजून सांगितलेलं नाही.”

मग ती एकदम कडू हसली. “फक्त माझ्यासाठी! सात वर्षांनी आठवण झाली होय? मी ग्रुपवर बघितलं, गाण्याच्या नावातच मूळ रेकॉर्डिंगची तारीख लिहिलीय, दसऱ्याची. भावांनी कागदावर सही घेतली, सगळं निवांत झालं, आणि मग गाणं सुचलं तिला.”

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. माझ्या त्या एका घाईने फक्त कुलूपच निघालं नव्हतं. तारीखही गेली होती. क्लोनवर दसऱ्याची तारीख बसली, डीजेने तीच गाण्याच्या नावात लिहिली, आणि मुलीने त्या तारखेवरून आईचं काळीज मोजलं होतं.

गाणं द्यायची मुभा मला नव्हती. तारखेबद्दल मावशींनी काही अट घातल्याचं आठवत नव्हतं. आठवू नये म्हणून मी फार प्रयत्नही केला नाही.

“ती तारीख माझी आहे,” मी म्हटलं. “त्या दिवशी मी प्रत काढली, ती चुकीची निघाली. गाणं दसऱ्याचं नाही.”

“मग कधीचं?”

“तुमच्या लग्नानंतर बाराव्या दिवसाचं.”

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, तो तिच्याकडचा की माझ्याकडचा हेही मला कळेना. मग तिने विचारलं, “बाराव्या?”

“बाराव्या. बाकी मला काही विचारू नका. आईला विचारा. रिक्षा मिळते विचुंब्याला.”

तिने फोन ठेवला. मला धन्यवाद वगैरे काही म्हणाली नाही. घराण्याला साजेसंच होतं ते.

त्यानंतरचे तीन दिवस मी संस्थेत येऊन नुसती बसत होते. आपण पुन्हा एकदा शहाणपणा केला आणि पुन्हा अंगाशी आला, असं वाटत होतं. तारीख सांगितली हेही मावशींना विचारल्याशिवायच ना? चौथ्या दिवशी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. मावशी आल्या. या खेपेस चप्पल काढली. त्यांच्या मागे त्यांच्याच नाकाची, त्यांच्याच कपाळाची एक बाई होती. तिच्या कानामागे आणि मनगटावर हळद होती. पुसली होती, पण हळद एका धुण्याने जात नाही.

मी हळदीकडे बघतेय हे मावशींनी पाहिलं. “बसवली पाटावर,” त्या म्हणाल्या. “पोरगं हाय तिला पाच वर्साचं, तो हसत व्हता. आयशीला हलद लागली म्हनून. मी बोलले, हसूं दे. तोंडानं गायली सगला.”

“आणि तुमचे मुलगे?”

“व्हते ना घरात. बसले गप. धवला चालू आसताना उठत नाय कोनी.”

मी उठून खुर्च्या पुढे केल्या. मग धीर करून म्हटलं, “मावशी, तारीख मी सांगितली. तुम्हाला विचारलं नव्हतं.”

“ती बोलली मना. तुजी सवयच हाय ती.” त्या हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. त्यांनी पुढे होऊन सर्व्हरवर पंजा ठेवला, गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. “बाय, तू तवा बोललेली ना, याचाबी सातबारा आसतो. मालकाचा नाव आसतो.”

“असतो.”

“जमीन पोरांचे नावावर गेली. तिची सही घेतली, मी आतमंदी बसून व्हते. मी काय बोलले नाय.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “त्यो तं आता फिरत नाय. ह्या गान्यावर तिचा नाव लाव.”

मुलगी भिंतीकडे बघत होती.

मी कामाला बसले. या खेपेस नारळ नव्हता, मुहूर्त नव्हता, आणि अध्यक्ष सुदैवाने दुसऱ्या एका समितीत होते. आधी रिकामी जागा केली आणि रिकामी असतानाच तिला कुलूप घातलं. सामान आत जाण्याआधी दाराला कडी हवी, सामान लावून झाल्यावर नाही. मग गाण्याचा क्लोन त्या जागेत काढला, तारीख जशीच्या तशी आणून. मुलीच्या नावाने खातं उघडलं आणि ती पासवर्ड टाकताना मी तोंड फिरवून बसले. सगळ्यात शेवटी मालकाच्या जागी तिचं नाव लावलं. मग जुनी फाइल पुसली. हे क्लोनचं एक बरं असतं, पहिली गेली तरी दुसरीला धक्का लागत नाही.

आणि मग ते केलं, जे दसऱ्याला करायचं होतं. माझ्या स्वतःच्या नावाने आत शिरून गाणं उघडून पाहिलं. पडद्यावर ओळ आली, परवानगी नाही. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कुठलाही नकार वाचला नसेल. व्यवस्था पाहणारी म्हणून मला मागचं एक दार असतंच, तेही मी त्या दोघींना सांगून टाकलं. ते मी उघडणार नाही, हे कुठल्याही सेटिंगमध्ये लिहायची सोय नाही, म्हणून तोंडी सांगितलं. मावशी म्हणाल्या, “बगू.”

मुलीने पडद्यावर स्वतःचं नाव वाचलं. त्याखालची तारीख वाचली. तारखेवर बोट ठेवून ती दुसऱ्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मला वाटतं, बारापर्यंत मोजत होती.

मावशींनी माझ्या दंडाला धरलं आणि हळूच विचारलं, “बाय, मंग आता मना ऐकायला मिलल का यो?”

“मला नका विचारू,” मी म्हटलं. “आता मालकीण ती आहे.”

मावशी मुलीकडे वळल्या. जी बाई सात वर्षं मुलीला फोन करायला तयार नव्हती, तिने पदर सारखा केला, घसा खाकरला आणि विचारलं, “ऐकू का गं?”

मुलगी खुर्चीत जरा बाजूला सरकली आणि आईला बसायला जागा केली.